व्हिक्टोरियन मासिकातील लाकडी ठशाचे चित्र: ते कसे ओळखावे, वाचावे आणि जपावे

साधारण १८४० ते १८९० या पन्नास वर्षांत ब्रिटनमधल्या साप्ताहिकांत आणि मासिकांत जी चित्रे छापली गेली, त्यांपैकी बहुतेक बॉक्सवुड नावाच्या घट्ट लाकडावर हाताने कोरलेल्या ठशांपासून तयार झाली. जुन्या अंकांतून कापून काढलेली ही पाने आज लंडनप्रमाणे मुंबईतही जुन्या चित्रांच्या विक्रेत्यांकडे मिळतात, आणि त्यांच्यावर कधी ‘स्टील एनग्रेव्हिंग’, कधी ‘लिथोग्राफ’ (सपाट दगडावरून छापलेले चित्र), तर कधी नुसतेच ‘जुने चित्र’ अशी चिठ्ठी लावलेली असते. रेखाटन करणारा चित्रकार नामवंत असेल तर त्याचे नाव ठळकपणे सांगितले जाते. मात्र पानावरची प्रत्येक रेघ ज्याच्या हातून प्रत्यक्ष उमटली, त्या कोरणाऱ्या कारागिराचा उल्लेख क्वचितच होतो. माझ्या मते अशा चित्राकडे पाहण्याची योग्य सुरुवात त्या कारागिराच्या कामापासूनच होते, आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

आधी ठसा कसा तयार होत असे ते समजून घ्यावे

ओळखण्याच्या बहुतेक खुणा या कोरण्याच्या पद्धतीतूनच निर्माण झालेल्या असल्यामुळे ही माहिती टाळून पुढे जाता येत नाही. जुन्या काळचे लाकडी ठसे फळीच्या उभ्या रेषांवर सुरीने कापले जात. न्यूकॅसलच्या टॉमस ब्युइकने (१७५३–१८२८) अठराव्या शतकाच्या अखेरीस वेगळी पद्धत नावारूपाला आणली. खोड आडवे कापून मिळणाऱ्या छेदावर, धातूवर कोरकाम करणाऱ्यांच्या ब्युरिन या हत्याराने, तो कोरत असे. आडव्या छेदात लाकडाच्या रेषा हत्याराला आपल्या दिशेने ओढत नाहीत, त्यामुळे कोणत्याही बाजूला केसाइतकी बारीक रेघ काढता येते. ब्युइकचे चतुष्पाद प्राण्यांवरील पुस्तक १७९० मध्ये आले, आणि ब्रिटिश पक्ष्यांवरील पुस्तकाचे दोन खंड १७९७ व १८०४ मध्ये आले. त्यांतली छोटी निसर्गचित्रे पाहिली की या लाकडात किती सूक्ष्म काम सामावते याची कल्पना येते.

ठशाची उंची छापखान्यातल्या खिळ्यांइतकी (खिळे म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे), म्हणजे ०.९१८ इंच किंवा सुमारे २३.३ मिलिमीटर ठेवली जाई. मासिकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होती. तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरलेले चित्र वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कागदावर छापून नंतर पुस्तकात घालावे लागे. लाकडी ठसा मात्र खिळ्यांबरोबर एकाच फर्म्यात आवळून मजकुरासह एका दाबात छापता येई. चार्ल्स नाइटने १८३२ मध्ये सुरू केलेले ‘पेनी मॅगझिन’ भरभराटीच्या काळात सुमारे दोन लाख प्रतींपर्यंत पोहोचले, ते या सोयीमुळेच. पुढे जुलै १८४१ मध्ये ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक आणि १४ मे १८४२ रोजी हर्बर्ट इन्ग्रॅमचे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ निघाले. इन्ग्रॅमच्या पहिल्या अंकात १६ पाने आणि ३२ चित्रे होती व किंमत सहा पेन्स होती.

ठशाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पांढऱ्या रंगाचा पातळ थर देऊन चित्रकार त्यावर पेन्सिलीने, शाईने किंवा पातळ रंगाने उलटे चित्र काढी. मग कारागीर वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठसा ठेवून, डाव्या हाताने तो फिरवत आणि उजव्या हाताने ब्युरिन पुढे ढकलत, जे कागदावर पांढरे राहायला हवे तेवढेच लाकूड काढून टाकी. रात्रीच्या कामाला दिव्यासमोर पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून उजेड एका ठिकाणी आणला जाई. काम संपेपर्यंत मूळ रेखाटन पूर्णपणे नाहीसे झालेले असे, आणि छापलेले चित्र हाच त्याचा एकमेव पुरावा उरे.

पायरी १: पान चौकटीतून बाहेर काढून उलटून पाहावे

तपासणीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग, एका बाजूने उजेड टाकता येईल अशी छोटी बॅटरी, मिलिमीटरची पट्टी आणि धुऊन पूर्ण वाळवलेले हात एवढे पुरेसे आहे. काचेआडून केलेल्या परीक्षणावर विसंबू नये. पान प्रथम उलटावे. मागे छापील मजकूर असेल तर ते नियतकालिकातले असल्याचा हा जवळजवळ निर्णायक पुरावा ठरतो, कारण धातूवरील कोरीव चित्रांच्या मागे मजकूर छापण्याचा प्रघात नव्हता. मागे मजकूर नाही म्हणून मात्र लाकडी ठशाची शक्यता बाद करू नये. ‘कॉर्नहिल मॅगझिन’मधली पूर्णपानी चित्रे स्वतंत्र पानावर छापून अंकात घातलेली असत.

पानाच्या वरच्या कडेला नियतकालिकाचे नाव, तारीख किंवा पृष्ठक्रमांक आहे का ते पाहावे आणि पानाचे माप घ्यावे. सुमारे ४० × २८ सेंटीमीटरचे मोठे पान बहुधा ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ किंवा ‘द ग्राफिक’ यांसारख्या साप्ताहिकाचे असते, तर सुमारे २२ × १४ सेंटीमीटरचे पान ‘कॉर्नहिल’च्या जातीच्या मासिकाकडे बोट दाखवते. विक्रेत्याने कडा छाटल्या असतील तर मापाला फारसे महत्त्व देऊ नये.

पायरी २: भिंगाखाली पांढरे काय आहे ते पाहावे

ही पायरी घाईने उरकू नये. आपली नजर सवयीने काळ्या रेघेकडे जाते, पण कारागिराने हत्यार चालवले ते पांढऱ्या जागेत. म्हणून भिंग लावल्यावर काळे विसरून पांढऱ्याचे आकार निरखावेत.

सर्वांत खात्रीची जागा म्हणजे आडव्या-तिडव्या रेघांनी भरलेली सावली, उदाहरणार्थ कोटाची बाही किंवा खुर्चीमागचा अंधार. पेन हातात असलेल्या चित्रकाराला अशी जाळी काढण्यासाठी रेघांचे दोन झपाट्याचे थर पुरतात. लाकडावर कोरताना मात्र त्या रेघा तशाच उभ्या ठेवायच्या असल्यामुळे त्यांच्या मधला प्रत्येक इवलासा पांढरा चौकोन कारागिराला हत्याराच्या टोकाने वेगवेगळा टिपून काढावा लागतो. भिंगाखाली हे चौकोन सारखे दिसत नाहीत. एखाद्याचा कोपरा टोकदार असतो, एखाद्याचा बोथट, आणि छेदबिंदूच्या अलीकडची रेघ पलीकडे किंचित सरकून पुढे गेलेली आढळते. एका चौरस सेंटीमीटरमधले असे चौकोन मोजून पाहावेत. चित्रकाराच्या क्षणभराच्या फटकाऱ्यामागे कारागिराचा किती वेळ गेला असेल, याचा अंदाज तेथेच येतो.

तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावरील चित्रात रेघा एकमेकींना बिनधास्त ओलांडून जातात आणि शाई कागदावर थोडी वर आलेली असते. लिथोग्राफमध्ये भिंगाखाली खडूसारखे दाणेदार पोत दिसते आणि कागदावर दाबाची खूण नसते. लाकडी ठशाच्या छपाईत शाई दाबाने रेघेच्या कडेला ढकलली जाते, त्यामुळे रेघेची कड गडद आणि मध्य किंचित फिका दिसतो. बाजूने उजेड टाकून मागची बाजू पाहिल्यास रेघा कागदात उठलेल्या जाणवतात.

खरी अडचण येते ती जस्ताच्या पत्र्यावर रसायनाने तयार केलेल्या रेघी ब्लॉकमुळे. तोही उठावाचाच असतो, म्हणून शाईची कड आणि मागचा उठाव त्यातही सापडतो. अशा वेळी पुन्हा जाळीकडे जावे: रेघी ब्लॉकमध्ये पेनाचा ओघ अखंड राहतो आणि छेदबिंदू न अडखळता पार होतात. नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर तो हाफटोन, म्हणजे छटा ठिपक्यांत उतरवणारा छायाचित्रणाने केलेला ब्लॉक आहे, आणि प्रश्न तिथेच मिटतो.

पायरी ३: सांधे शोधावेत

बॉक्सवुडचे झाड बारीक असते, त्यामुळे वीतभर रुंदीचा निर्दोष तुकडाही सहज मिळत नसे. मोठ्या चित्रासाठी लहान तुकडे एकत्र जोडावे लागत, आणि १८६० च्या सुमारास हे तुकडे मागून बोल्ट व नटाने आवळण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे बातमीचे चित्र वेळेवर छापणे शक्य झाले. पूर्ण ठशावर चित्र काढून झाले की मुख्य कारागीर सांध्यांवरून जाणाऱ्या रेघा आधी कोरून घेई, मग ठसा सोडवून एकेक तुकडा वेगवेगळ्या माणसांना दिला जाई. आकाश एकाकडे, झाडी दुसऱ्याकडे जाई आणि चेहरे सर्वांत तयारीच्या हाताकडे सोपवले जात. रात्रभर काम करून सकाळी तुकडे पुन्हा आवळले जात.

पान डोळ्यांपासून हातभर लांब धरून आकाश आणि पाणी यांवरून नजर फिरवावी. पट्टीने आखल्यासारखी सरळ, आडवी किंवा उभी पांढरी धाग्याएवढी रेघ दिसली तर तो सांधा आहे. पुष्कळ लोक तिला कागदाची घडी समजतात, परंतु घडी मागच्या बाजूनेही दिसते आणि सांधा दिसत नाही. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या रेघांतील अंतर ताडून पाहावे. एका बाजूला रेघा दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ असतील, तर तेथे दोन माणसांचे हात शेजारी आले आहेत. मोठ्या बातमीचित्राचा असा नकाशा साध्या कागदावर काढून ठेवावा. त्या अनाम कारागिरांपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग बहुधा उपलब्ध नसतो.

पायरी ४: सह्या वाचाव्यात

चित्राच्या खालच्या कडेला सहसा दोन खुणा असतात. एक चित्रकाराची, अनेकदा गुंफलेल्या आद्याक्षरांची; जॉन टेनिएल आणि जॉन एव्हरेट मिले या दोन्ही चित्रकारांच्या खुणा अशा आहेत. दुसरी कोरणाऱ्याची असते आणि तिच्यापुढे ‘एससी’ (sc, म्हणजे लॅटिनमध्ये ‘याने कोरले’) ही अक्षरे आढळतात. सर्वाधिक भेटणारी नावे दोन आहेत: डॅल्झिएल बंधू आणि ‘पंच’साठी काम करणारा जोसेफ स्वेन.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डॅल्झिएल ही सही एका माणसाची नसून कार्यशाळेची आहे. नॉर्थम्बरलंडहून लंडनला आलेले जॉर्ज आणि एडवर्ड हे भाऊ, पुढे जॉन व टॉमस, त्यांची बहीण मार्गरेट आणि हाताखालचे अनेक कारागीर व शिकाऊ उमेदवार या सर्वांचे काम त्या एकाच नावाने बाहेर पडले. म्हणून नोंद करताना ‘डॅल्झिएल यांनी कोरले’ असे न लिहिता ‘डॅल्झिएल कार्यशाळा’ असे लिहावे. या कार्यशाळेच्या १८३९ ते १८९३ या काळातील सुमारे ५४,००० छापांचे ४९ खंड ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्याकडचे चित्र त्यांचे असल्याचा संशय आला तर तेथील संग्रहाशी ताडून पाहणे हा सर्वांत भक्कम उपाय आहे.

पायरी ५: कारागिराने काय केले ते ठरवावे

कोरण्याच्या दोन रीती होत्या. पहिलीत चित्रकाराने ठशावर काढलेली प्रत्येक रेघ जशीच्या तशी उभी ठेवायची असे. १८६० च्या दशकातली ‘वन्स अ वीक’, ‘कॉर्नहिल’ आणि ‘गुड वर्ड्‌स’मधली उत्तम चित्रे बहुतांशी या रीतीची आहेत. मिले यांची बायबलमधल्या दृष्टांतकथांवरची चित्रे अभ्यासाला घ्यावीत. त्यांतली १२ चित्रे १८६३ मध्ये ‘गुड वर्ड्‌स’मध्ये आली आणि २० चित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले. डॅल्झिएल कार्यशाळेने ती कोरली आहेत. गवत आणि वस्त्रांच्या चुण्या भिंगाखाली पाहिल्यास पेनाची नाजूक थरथरही लाकडात राखलेली दिसते.

दुसऱ्या रीतीत चित्रकार पातळ रंगाने छाया-प्रकाश भरून देई, आणि त्या करड्या छटांना रेघांचे रूप देण्याचे काम कारागिराकडे येई. रेघ किती जाड, किती वळणाची आणि कोणत्या दिशेची असावी हे सगळे त्यानेच ठरवायचे असे. पहिल्या रीतीचे कौतुक फार झाले आहे. दुसऱ्या रीतीला यांत्रिक म्हणून खालचे स्थान देण्याची प्रथा मला मान्य नाही, कारण तिच्यात कारागिराचा निर्णय उघडपणे दिसतो. विल्यम लूसन टॉमस हा स्वतः लाकडावर कोरणारा कारागीर होता आणि त्याने ४ डिसेंबर १८६९ रोजी ‘द ग्राफिक’ सुरू केले. पहिल्याच अंकात ल्यूक फिल्ड्‌सचे ‘हाउसलेस अँड हंग्री’ हे रात्रीच्या निवाऱ्यासाठी थंडीत रांग लावून उभ्या असलेल्या गरिबांचे चित्र आले. त्या चित्रामुळे फिल्ड्‌सला चार्ल्स डिकन्सच्या शेवटच्या, अपूर्ण राहिलेल्या कादंबरीच्या चित्रांचे काम मिळाले. पुढे हेगला राहत असताना व्हिन्सेंट व्हॅन गॉग ‘द ग्राफिक’मधली अशी चित्रे जमवून जपत असे.

ही दुसरी रीत ओळखण्यासाठी भिंत, जमीन किंवा अंधार यांसारखा सपाट भाग निवडावा. समान अंतरावरच्या समांतर रेघा आणि त्यांना छेदणारी बारीक पांढरी रेघ दिसली, तर ती कारागिराची स्वतःची आखणी समजावी.

पायरी ६: काळ ठरवताना तंत्राची मदत घ्यावी

तारीख कापली गेली असेल तर पुढील क्रम उपयोगी पडतो. १८६० च्या आधीचे चित्र थेट ठशावर काढलेले असण्याची शक्यता जास्त आहे. १८६० च्या दशकापासून कागदावरचे चित्र छायाचित्रणाने ठशावर उतरवणे सुरू झाले आणि मूळ रेखाटने टिकू लागली. १८८० च्या दशकात हाफटोन आला, आणि १८९० च्या दशकात लाकडी ठसा नियतकालिकांतून झपाट्याने मागे हटला.

भारतातल्या दृश्यांच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी. विल्यम सिम्प्सन ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चा खास चित्रकार म्हणून १८७५–७६ च्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यावर आला होता. प्रिन्स ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबईत उतरला. पण त्या प्रसंगाची रेखाटने बोटीने लंडनला पोहोचून छापली जाईपर्यंत काही आठवडे गेले. अंकाची तारीख ही घटनेची तारीख मानू नये. शिवाय खास चित्रकाराचे घाईतले रेखाटन लंडनमधला दुसरा चित्रकार ठशासाठी पुन्हा काढी आणि तिसरा माणूस ते कोरी, व या दोघांनी मुंबई पाहिलेली असेलच असे नाही. पगडीची बांधणी, साडीचे नेसण, बैलगाडीचे जू असे तपशील पुरावा म्हणून वापरण्याआधी त्या काळच्या छायाचित्रांशी ताडून घ्यावेत. जुन्या मुंबईवर लिहिणाऱ्यांनी हे पथ्य कटाक्षाने पाळायला हवे.

पायरी ७: छापाची प्रत आणि रंग तपासावा

मोठ्या खपाच्या नियतकालिकांत मूळ लाकूड यंत्राखाली न घालता, मेणाच्या साच्यात विजेच्या साहाय्याने तांबे जमवून केलेली प्रतिकृती वापरली जाई. म्हणून मासिकातला छाप आणि लाकडावरून थेट घेतलेला छाप यांत फरक दिसतो. ‘कॉर्नहिल’मधली शंभर चित्रे १८६४ मध्ये ‘कॉर्नहिल गॅलरी’ या संग्रहात मूळ ठशांवरून छापली गेली. दोन्ही शेजारी ठेवून पाहता आली तर बारीक पांढऱ्या रेघा कोठे बुजल्या हे लगेच कळते. छपाईत मेकरेडीला, म्हणजे छापण्याआधी दाब जुळवून घेण्याच्या कामालाही तितकेच महत्त्व होते. गडद भागामागे कागदाचे पातळ तुकडे चिकटवून दाब वाढवला जाई, आणि ते काम ढिले झाले तर उत्तम ठसाही निर्जीव छापला जाई. लुइस कॅरलच्या ‘ॲलिस’च्या १८६५ मधल्या पहिल्या आवृत्तीची छपाई तिची चित्रे काढणाऱ्या टेनिएलला इतकी खटकली की ती मागे घेऊन पुन्हा छापण्यात आली. त्या पुस्तकाचे मूळ लाकडी ठसे १९८५ मध्ये एका बँकेच्या तिजोरीत सुस्थितीत सापडले.

साप्ताहिकांतली या काळची नेहमीची चित्रे काळ्या शाईत छापलेली आहेत. मुंबईच्या किंवा घाटाच्या दृश्यावर गुलाबी आकाश आणि हिरवी झाडे दिसली, तर तो रंग बहुधा नंतर विक्रीसाठी हाताने भरलेला असतो. पांढऱ्या रेघांनी साधलेली छटा त्या रंगाखाली दबते, म्हणून निवड करता येत असेल तर रंग न भरलेले पान घ्यावे.

पायरी ८: जपणूक आणि नोंद

१८६० नंतर इंग्लंडमध्ये एस्पार्टो गवताचा आणि पुढे लाकडाच्या लगद्याचा कागद वापरात आला. लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडून कडेला तुटू लागतो, आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत त्यावर बुरशीचे डाग लवकर येतात. पान लॅमिनेट करू नये, सेलोटेप लावू नये आणि पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवू नये. आम्लरहित पुठ्ठ्यावर कागदी कोपऱ्यांनी अडकवावे किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवावे. पाकीट लोखंडी कपाटात, जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर आडवे ठेवावे. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा कसर लागली आहे का ते पाहावे. चौकट लावायचीच असेल तर काच आणि पान यांच्यात माउंटचे (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचे) अंतर ठेवावे व थेट ऊन येणारी भिंत टाळावी.

नोंद पानावर न लिहिता वेगळ्या कार्डावर मऊ पेन्सिलीने लिहावी आणि ते कार्ड पाकिटामागे ठेवावे. तिच्यात नियतकालिकाचे नाव, अंकाची तारीख, चित्राचे व पानाचे माप, कोरण्याची रीत, सांध्यांची संख्या आणि जागा, मागच्या मजकुराचा विषय, आणि रंग नंतरचा असल्यास तसा उल्लेख असावा. नावांच्या रकान्यात कोरणाऱ्याचे किंवा कार्यशाळेचे नाव पहिल्या ओळीत आणि चित्रकाराचे दुसऱ्या ओळीत लिहावे. सही सापडली नाही तर पहिली ओळ कोरी न सोडता ‘कारागीर अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढे कोणाला सही किंवा जुळणारा छाप सापडल्यास ती जागा भरता येईल.